आरटीएक्स ३०६०, ४०६० की आरएक्स ७६००? कागदावरचे आकडे कितपत धरायचे

मागच्या आठवड्यात मित्राने तीन ग्राफिक्स कार्डांच्या (एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६० आणि ४०६०, एएमडीचं आरएक्स ७६००) स्पेक्सचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एकच ओळ, "७६०० ला २१.७५ टेराफ्लॉप आहेत, ४०६० ला १५.१ आणि ३०६० ला १२.७, मग ७६०० च घेऊ ना?" मी लगेच हो किंवा नाही म्हणालो नाही, कारण ते तिन्ही आकडे बरोबर आहेत पण ते एकमेकांसमोर ठेवून निर्णय घेणं चूक आहे, आणि हे कळल्याशिवाय कोणी पैसे घालू नयेत असं मला मनापासून वाटतं.

टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी दशांश आकडेमोडी होतात ते, पण हा काही कार्ड चालवून मोजलेला आकडा नसतो. साधा गुणाकार आहे, कोअर (चिपमधले आकडेमोड करणारे छोटे भाग) गुणिले क्लॉक (सेकंदाला किती ठोके) गुणिले २. हे २ अशासाठी की एक कोअर एका क्लॉकमध्ये एक गुणाकार आणि एक बेरीज एकत्र करतो, त्या दोन क्रिया धरतात. ४०६० ला ३०७२ कोअर आणि बूस्ट क्लॉक २.४६ गिगाहर्ट्झ, कॅल्क्युलेटरवर करून हजाराने भागा, १५.१ येतात. ३०६० ला कोअर जास्त, ३५८४, पण क्लॉक १.७८ च्या आसपास, म्हणून १२.७. आता ७६०० घ्या, २०४८ कोअर आणि २.६५५ गिगाहर्ट्झ. याच हिशोबाने १०.९ यायला पाहिजेत. मग २१.७५ कुठून आले? तर आरडीएनए ३ मध्ये (७६०० च्या चिपची रचना) एएमडीने एका क्लॉकमध्ये दोन सूचना एकदम चालवायची सोय दिली, त्यामुळे आकडा अजून एकदा दुप्पट झाला. पण या सूचनांच्या ठराविक जोड्याच जुळतात, रजिस्टरच्या (चिपमध्ये आकडे ठेवायच्या छोट्या जागा) अटी वेगळ्या, आणि कंपायलरला (कोडच्या चिपसाठी सूचना बनवणारा प्रोग्रॅम) जोडी सापडली नाही की दुसरा अर्धा भाग रिकामा बसतो, आणि गेममध्ये तो बऱ्याचदा रिकामाच असतो. म्हणून कागदावर ७६०० हे ४०६० च्या तब्बल ४४ टक्के पुढे दिसत असलं तरी रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायची पद्धत) बंद ठेवलं तर ही दोन कार्डं जवळजवळ खांद्याला खांदा लावून पळतात.

आणि हे एकट्या एएमडीचं नाही हं. एनव्हिडियाच्याच २०१८ च्या २०८० टीआयला १३.४ टेराफ्लॉप होते, २०२० च्या ३०७० ला २०.३, आणि गेममध्ये दोघं साधारण बरोबरीचे. कारण ३०७० मध्ये निम्मे कोअर असे आहेत की पूर्णांकाचं काम आलं की दशांशाचं काम थांबवून ते करतात, पण मोजताना सगळे दशांशाला धरलेत. उलटं उदाहरण पण आहे, एएमडीच्या व्हेगा ६४ ला १२.७ आणि त्यानंतर २०१९ ला आलेल्या ५७०० एक्सटीला ९.७५, कंपनी एकच, आकडा कमी झाला आणि कार्ड जास्त वेगवान निघालं. तेव्हा टेराफ्लॉप एकाच पिढीतली, एकाच कंपनीची कार्डं लावून बघायला ठीक आहेत, त्यापलीकडे नको.

मी स्वतः आधी मेमरी बघतो. बँडविड्थचा (सेकंदाला मेमरीतून किती डाटा येतो) पण असाच सोपा हिशोब आहे, बसचे (चिप आणि मेमरीमधला रस्ता) बिट भागिले ८ गुणिले मेमरीचा स्पीड. ३०६० ला १९२ बिट आणि १५ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६० ला १२८ बिट, १७ गिगाबिट, २७२ जीबी. ७६०० ला १२८ बिट, १८ गिगाबिट, २८८ जीबी. म्हणजे २०२३ चं ४०६० त्याच्या २०२१ च्या मोठ्या भावापेक्षा इथे मागे! ही कसर त्यांनी कॅश मेमरीने भरून काढलीये, ३०६० ला एल२ कॅश फक्त ३ एमबी होती, ४०६० ला २४ एमबी आहे, ७६०० ला ३२ एमबीची इन्फिनिटी कॅश. चिपमधल्या चिपमध्येच डाटा मिळाला तर बाहेर मेमरीकडे जावंच लागत नाही. १०८०पी रिझोल्युशनला हे छान जमतं, पण रिझोल्युशन वाढवलं की डाटा कॅशमध्ये मावत नाही, मग ४०६० ची ३०६० वरची आघाडी कमी होत जाते.

बँडविड्थ कमी पडली तर गेम थोडा हळू चालतो एवढंच. मेमरीतली जागाच संपली तर मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ३०६० ला १२ जीबी असली तरी ४०६० आणि ७६०० ला ८ च आहे. मी ८ जीबीच्या कार्डावर एक मोठा ओपन वर्ल्ड गेम टेक्श्चर अल्ट्राला ठेवून खेळत होतो, कोपऱ्यातला मेमरीचा मीटर ७.७, ७.८ दाखवत होता, प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा ग्राफ सरळ रेषेत. घोडा गल्लीतून चौकात वळवला आणि ग्राफने सुळका मारला, चित्र क्षणभर गोठलं, परत सरळ. प्रत्येक वळणावर हेच. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघाल तर सगळं उत्तम दिसेल, ते झटके दिसतात एक टक्का लो मध्ये (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग), म्हणून रिव्ह्यूत तो आकडा शोधा. होतं असं की जे कार्डात मावत नाही ते सिस्टमच्या रॅममध्ये जातं आणि पीसीआयई (कार्ड आणि मदरबोर्डमधला रस्ता) मधून परत आणावं लागतं, आणि ४०६० व ७६०० दोघांनाही तिथे १६ नाही, ८ च लेन आहेत. मदरबोर्ड जुना पीसीआयई ३ चा असेल तर सेकंदाला जेमतेम ८ जीबी. कुठे २७२ आणि कुठे ८!

बाकीचं पटकन सांगतो. वीज: ४०६० ला ११५ वॅट, ७६०० ला १६५, ३०६० ला १७०, छोट्या कॅबिनेटला आणि जुन्या पॉवर सप्लायला ४०६० सरळ सोपं. रे ट्रेसिंगमध्ये ७६०० मागे पडतं. डीएलएसएस अपस्केलिंग (कमी रिझोल्युशनचं चित्र एआयने मोठं करणं) एनव्हिडियाच्या दोन्हींवर चालतं पण डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (मधल्या जास्तीच्या फ्रेम तयार करणं) ३०६० ला नाही. व्हिडिओ एव्ही१ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायचा फॉरमॅट) एन्कोड करायचा असेल तर ४०६० आणि ७६०० दोन्ही करतात, ३०६० फक्त डीकोड. ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांनी कुडासाठी (अशा कामांना लागणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) एनव्हिडियाच बघावं, आणि तिथे तर ३०६० चे १२ जीबी म्हणजे १२ जीबी, मॉडेल मावलं तर पळतं, नाही मावलं तर सरपटतं. लिनक्सवाल्यांना ७६०० चे ओपन सोर्स ड्रायव्हर फार सुखाचे आहेत.

इंटेलचं बी५८० पण विसरू नका, १२ जीबी, १९२ बिट, ४५६ जीबी बँडविड्थ, कागदावर टेराफ्लॉप ४०६० पेक्षा कमी म्हणजे १३.७ आणि तरी १४४०पी ला ते ४०६० ला भारी पडतं. फक्त रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू होणारा बोर्ड पाहिजे, आणि प्रोसेसर जुना असेल तर ते बरंच अडखळतं.

एक सापळा मात्र नक्की सांगायचाय. ३०६० नावाचीच ८ जीबीवाली आवृत्ती पण आहे. कोअर तेच ३५८४, क्लॉक तोच, टेराफ्लॉप तेच १२.७, पण बस १२८ बिट आणि बँडविड्थ ३६० ची थेट २४० जीबी, आणि गेममध्ये ती स्पष्ट मागे पडते. नाव एक, टेराफ्लॉप एक, कार्ड वेगळं.

मित्राला मी विचारलं बोर्ड कुठला आणि काम काय, तर बोर्ड पीसीआयई ३ चा, गेम थोडेफार, पण रोज रात्री ब्लेंडरमध्ये मोठमोठे सीन. पॉवर सप्लाय ५५० वॅटचा, म्हणजे तिथे अडचण नाही. मग म्हटलं ३०६० घे, १६ लेन आहेत, १२ जीबी आहे, फक्त डब्यावर १२ जीबी आणि १९२ बिट दोन्ही लिहिलेलं बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.