रिफर्बिश्ड यूनिक्स वर्कस्टेशनचा हरवलेला सीरियल नंबर: सन, आयबीएम, एचपी आणि एसजीआयमध्ये कुठे शोधायचा

जुने वर्कस्टेशन विक्रेत्याकडून येते तेव्हा पेटी पुसलेली, कधी नव्याने रंगवलेली असते आणि मागचे स्टिकर गायब असते. इकडे डेडस्टॉक रजिस्टरात नंबराचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, किंवा जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना मशीनची ओळख मागतो. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांना लागणारे नंबरही वेगळे आहेत. बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो: हवा असतो एक नंबर, शोधतात दुसरा.

एका मशीनला तीन प्रकारचे नंबर असतात. पहिला पेटीचा म्हणजे चॅसिसचा, जो कारखान्याने स्टिकरवर छापला; नोंदवहीला आणि सेवा-कराराला तो लागतो. दुसरा मशीनची इलेक्ट्रॉनिक ओळख, म्हणजे सनचा होस्ट आयडी किंवा एसजीआयचा सिस्टिम आयडी. परवाने याच्यावर बांधलेले असतात. तिसरा सुट्या भागांवरचा: मदरबोर्ड, प्रोसेसर मॉड्यूल, पॉवर सप्लाय. रिफर्बिश्ड मशीनमध्ये हे तिन्ही तीन वेगळ्या मशीनमधून आलेले असू शकतात. म्हणून आधी कोणता नंबर हवा ते ठरवा, मगच पेचकस हातात घ्या.

खाली आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत करायची. मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.

सन: सर्वांत जास्त गफलत इथेच

अल्ट्रा ५, अल्ट्रा १० किंवा अल्ट्रा ६० (सनच्या स्पार्क प्रोसेसरची मशीन) चालू केले की ओपनबूट या सुरुवातीच्या फर्मवेअरच्या पहिल्या पडद्यावर, म्हणजे बॅनरवर, 'सीरियल' असा शब्द आणि त्यापुढे एक आकडा दिसतो. अनेकजण तोच रजिस्टरात उतरवतात. तो चॅसिसचा नंबर नाही. समजा ईथरनेट पत्ता ८:०:२०:९१:४०:७३ आहे. मग होस्ट आयडी ८०९१४०७३ असतो. त्यातले शेवटचे तीन बाइट, म्हणजे ९१४०७३ हा षोडशमान (१६ पायाचा, ० ते ९ आणि ए ते एफ) आकडा दशमानात मांडला की ९५१९२१९ येतो, आणि पडद्यावर 'सीरियल' म्हणून हाच दिसतो. एकच माहिती तीन वेशांत. परवान्यासाठी ती अचूक आहे, पेटीसाठी निरुपयोगी.

ही माहिती मदरबोर्डवर सोल्डर केलेली नसते. ती सॉकेटात बसवलेल्या, आतल्या सेलवर माहिती टिकवणाऱ्या एनव्हीरॅम चिपमध्ये असते. वर नावे घेतलेल्या अल्ट्रांमध्ये ही चिप एम४८टी५९वाय. सनच्या पद्धतीत मदरबोर्ड बदलला की जुनी चिप काढून नव्या बोर्डावर बसवत, म्हणजे ओळख पेटीबरोबर राही. विक्रेत्याकडे पाच मशीन उघडून तीन चांगली जोडली जातात, तेव्हा ही शिस्त मोडते. चिपवर बारकोडचे छोटे स्टिकर असेल तर त्यावरचे सहा षोडशमान अंक बहुधा त्या चिपच्या ईथरनेट पत्त्याचे शेवटचे तीन बाइट असतात. ते पडद्यावरच्या अंकांशी जुळत नसतील, तर चिप कधीतरी पुन्हा लिहिली गेली आहे.

खरा चॅसिस नंबर या पिढीच्या सन वर्कस्टेशनमध्ये कारखान्याने इलेक्ट्रॉनिक रूपात साठवलेलाच नाही. स्टिकर गेले, तर तो नंबर तेव्हाच मिळतो जेव्हा आधीच्या मालकाने तो कुठेतरी लिहून ठेवला असेल. अशा दोन जागा आहेत, आणि दोन्ही डिस्क पुसण्यापूर्वी पाहायच्या.

पहिली जागा 'स्नीप'. ही सनचीच छोटी उपयुक्तता. प्रशासक स्टिकरवरचा नंबर हाताने देई आणि ती तो त्याच एनव्हीरॅम चिपमधल्या एनव्हीरॅमआरसी या चलात ठेवी. सोलॅरिस या सनच्या यूनिक्समध्ये 'ईईप्रॉम एनव्हीरॅमआरसी' अशी आज्ञा द्या आणि उत्तरात चॅसिस सीरियल नंबर असे जोडशब्द शोधा. दुसरी जागा 'एक्सप्लोरर' या निदान-साधनाची मांडणी-फाइल. ती ईटीसी, ऑप्ट, सनडब्ल्यूएक्सप्लो (त्यातली 'सनडब्ल्यू' ही चार अक्षरे मोठी), डीफॉल्ट या वाटेवर असते आणि तिच्यात होस्ट आयडीला जोडून सीरियल लिहिलेला असतो. होस्ट आयडी जोडलेला असल्यामुळे ही डिस्क याच मशीनची आहे का, हेही तिथेच कळते.

रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा पासवर्ड माहीत नसेल तर सोलॅरिसची सीडी घालून ओके प्रॉम्प्टवर (ओपनबूट आज्ञा घेतो ती 'ओके' ची ओळ) 'बूट सीडीरॉम' आणि त्यापुढे वजा-एस द्या. मग डिस्कचा मूळ विभाग फक्त-वाचन अवस्थेत माउंट करा. चालू यंत्रणेवर स्टॉप आणि ए दाबून ओके प्रॉम्प्टला येऊ नका; 'इनिट ०' ने नीट खाली उतरा. कीबोर्ड नसेल तर सीरियल पोर्टवरून जोडा: ९६०० वेग, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.

चिपचा सेल मेला असेल तर

एनव्हीरॅम चिपच्या पोटातला लिथियम सेल साधारण दहा वर्षे टिकतो. अल्ट्रा ५ आणि १० १९९८ साली आले. त्यांच्या मूळ चिपा कधीच संपल्या आहेत. तेव्हा आयडीप्रॉम, म्हणजे चिपमधला ओळखीचा भाग, अवैध असल्याचा संदेश येतो, ईथरनेट पत्ता सगळा एफ-एफ दिसतो आणि होस्ट आयडीही तसाच. स्नीपने चिपमध्ये ठेवलेला नंबरही याबरोबर जातो. एक्सप्लोररची फाइल मात्र डिस्कवर असल्याने वाचते.

तरीही मूळ पत्ता बहुधा परत मिळतो. सोलॅरिस प्रत्येक बूटला ईथरनेट पत्ता 'व्हार, एडीएम, मेसेजेस' या फाइलीत नोंदवतो. जुन्या फिरत्या प्रतीही तिथेच असतात. परवान्याची फाइल सापडली तर तिच्या 'सर्व्हर' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत होस्ट आयडी असतो. चिपवरचे बारकोड हा तिसरा आधार. यातल्या दोहोंची साक्ष जुळली की लिहायला हरकत नाही.

आता दुरुस्तीचे तीन मार्ग. नवी चिप बसवणे सर्वांत स्वच्छ. फक्त खाचेची बाजू जुन्या चिपसारखी आहे हे पाहा, उलटी बसवलेली चिप जळते. दुसरा मार्ग जुन्या चिपचे आवरण एका बाजूने घासून आतल्या सेलची जोडणी तोडणे आणि बाहेर ३ व्होल्टचा सीआर२०३२ धारकात बसवणे. खर्च नगण्य, पुढच्या वेळी सेल बदलणे दोन मिनिटांचे. पण घासताना आतली तार तुटली तर चिप गेली, आणि आतला सेल पूर्ण वेगळा केला नाही तर मेलेला सेल नव्याला शोषून घेतो. तिसरा मार्ग काहीच न बदलता दर वेळी चालू केल्यावर हाताने लिहिणे. वर्षातून एकदा चालणाऱ्या मशीनला तो पुरतो, रोजच्या वापराला मुळीच नाही. मल्टिमीटर आणि बारीक सोल्डरिंग जमत असेल तर आम्ही दुसरा मार्ग निवडू. नसेल तर पैसे देऊन पहिला.

तिन्ही मार्गांत लिहिण्याची पद्धत एकच. ओके प्रॉम्प्टवर एम-के-पी ही आज्ञा, आधी किंमत आणि मग जागा, आकडे षोडशमान. जागा ० वर १, जागा १ वर ८०, जागा २ ते ७ वर ईथरनेट पत्त्याचे सहा बाइट, जागा ८ ते बी वर तारीख (शून्ये चालतात), जागा सी, डी, ई वर पत्त्याचे शेवटचे तीन बाइट पुन्हा आणि जागा एफ वर तपासबेरीज. तपासबेरीज म्हणजे आधीच्या पंधरा बाइटांची एक्सॉर (बिटवार क्रिया, जिच्यात एकच बाइट दोनदा आला की शून्य होतो). शेवटचे तीन बाइट दोनदा येतात म्हणून ते एकमेकांना खोडून टाकतात. त्यामुळे तारीख शून्य असेल आणि पत्ता ८:०:२० ने सुरू होत असेल, तर उत्तर प्रत्येक वेळी ए९ च येते. वेगळे आले तर कुठेतरी चूक टाइप झाली आहे. शेवटी 'बॅनर' देऊन पाहा आणि 'रिसेट-ऑल' करा.

दुसऱ्या मशीनचा होस्ट आयडी इथे लिहू नका. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय एकाच जाळ्यावर दोन सारखे ईथरनेट पत्ते आले की दोन्ही मशीन अधूनमधून तुटतात आणि कारण सापडायला दिवस जातात.

सनच्या एक्स८६ (इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या) वर्कस्टेशनांत, म्हणजे अल्ट्रा २०, २४, २७, ४० मध्ये, सगळे उलटे आहे. तिथे चॅसिस नंबर फर्मवेअरमध्ये असतो: सोलॅरिसवर 'एसएमबायॉस', लिनक्सवर 'डीएमआयडीकोड'. होस्ट आयडी मात्र सोलॅरिस बसवताना तयार होतो, म्हणून यंत्रणा पुन्हा बसवली की तो बदलतो. परवान्यासाठी मशीन घेत असाल तर हे आधीच लक्षात घ्या.

बाकीचे तिघे

आयबीएमच्या आरएस/६००० आणि इंटेलिस्टेशन पॉवर मालिकेत काम सोपे आहे. एआयएक्स या आयबीएमच्या यूनिक्सवर 'एलएससीएफजी' ला वजा-व्हीपी जोडा. त्यात मशीन किंवा कॅबिनेट सीरियल अशी ओळ येते. 'एलएसएट्र' ने सिस० चा सिस्टिमआयडी मागितला तर आयबीएम, स्वल्पविराम आणि नऊ अक्षरे मिळतात: दोन उपसर्गाची, दोन कारखान्याची आणि शेवटची पाच तुमची. गफलत होते ती 'यूनेम वजा-एम' मुळे. तो शेवटी ४सी०० असलेला बारा अक्षरांचा आकडा प्रोसेसरची ओळख सांगतो, पेटीची नाही.

एचपी ९००० च्या बी, सी, जे वर्गांत एचपी-यूएक्स ११आय असेल तर 'गेटकॉन्फ' आणि त्यापुढे मोठ्या अक्षरांत, अधोरेषेने जोडलेले 'मशीन सीरियल'. एचपीचे इग्नाइट हे साधन बसवलेले असेल तर अधोरेषेने जोडलेली 'प्रिंट मॅनिफेस्ट' ही आज्ञाही तेच सांगते. उत्तर रिकामे आले तर बोर्ड बदलताना नंबर पुन्हा भरला गेला नाही. इथेही 'यूनेम वजा-आय' वर विसंबू नका.

एसजीआयच्या इंडी, ओ२ आणि ऑक्टेनवर 'सिसइन्फो वजा-एस' जो आकडा देते तो ईथरनेट पत्त्याच्या शेवटच्या चार बाइटांचा दशमान अवतार, म्हणजे सनसारखाच प्रकार. 'हिन्व्ह वजा-व्हीएम' बोर्डांचे बारकोड दाखवते. ते भागांचे नंबर. इंडीत डीएस१३८६ चिप मेली की पत्ता एफ-एफ होतो. नवी बसवून प्रॉमच्या कमांड मॉनिटरमध्ये 'सेटएन्व्ह वजा-एफ ईअॅड्र' ने पत्ता भरता येतो.

| मशीन | चॅसिस नंबर स्टिकरविना | परवान्याची ओळख कुठे | फसवणारा आकडा |
|---|---|---|---|
| सन स्पार्क | फक्त आधी नोंदला असेल तर | एनव्हीरॅम चिप | बॅनरवरचा सीरियल |
| सन एक्स८६ | फर्मवेअरमधून | सोलॅरिसच्या स्थापनेत | होस्ट आयडी |
| आयबीएम पॉवर | यंत्रणेतून थेट | प्रोसेसर ओळख | यूनेम वजा-एम |
| एचपी ९००० | बहुधा यंत्रणेतून | मशीन ओळख | यूनेम वजा-आय |
| एसजीआय | स्टिकरवरच | सिस्टिम आयडी | हिन्व्हचे बारकोड |

अजून मशीन घेतले नसेल आणि पेटीचा नंबर नोंदवहीत लागणारच असेल, तर आयबीएम किंवा एचपी घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून वरच्या आज्ञेच्या उत्तराचा फोटो मागा. जुन्या परवान्यासाठी सन स्पार्क हवेच असेल तर बॅनरचा फोटो मागा आणि डिस्क न पुसता पाठवायला सांगा. होस्ट आयडी एफ-एफ असलेले मशीन मूळ पत्त्याचा काहीही पुरावा नसताना परवान्यासाठी घेऊ नका; शिकायला घेत असाल तर खुशाल घ्या.

शोध संपूनही चॅसिस नंबर सापडला नाही तर बॅनरचा आकडा त्या रकान्यात भरू नका. 'स्टिकर उपलब्ध नाही' असे लिहा, शेजारी होस्ट आयडी आणि मदरबोर्डवरचा बारकोड त्यांच्या नावांसह नोंदवा, आणि तुमचा स्वतःचा क्रमांक पेटीच्या आतल्या पत्र्यावर चिकटवा. बाहेरचा पुन्हा रंगवला जाईल.