एएफ११७ काढले, बीसी५५७ बसवले: नऊ महिन्यांचा अनुभव

वडिलांचा चार मोठ्या सेलवर चालणारा मिडियम वेव्ह रेडिओ सेट गेल्या जुलैत दुसऱ्यांदा मुका झाला, त्यानंतर लवकरच ठरवलं की आता एएफ११७ हा जुना जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर पुन्हा नाही.

साठच्या दशकातला सेट ज्यांच्या घरी आहे त्यांना हा रोग ठाऊक असेल. या ट्रान्झिस्टरच्या पत्र्याच्या डबीला आतून कथिलाचा मुलामा असतो. त्या मुलाम्यातून वर्षानुवर्षं केसाहून बारीक धातूचे तंतू वाढत राहतात आणि एक दिवस आतल्या तारांना टेकतात. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस आणि एमिटर; चौथा शील्डचा, तो डबीलाच जोडलेला. मग शील्डचा पाय आणि कलेक्टर किंवा बेस यांच्यामध्ये मीटर शॉर्ट दाखवतो. पेन्सिलीने टकटक केलं की आवाज येतो, पुन्हा जातो. १९९८ साली गॅलॅक्सी-४ हा उपग्रह निकामी झाला आणि अमेरिकेतले कोट्यवधी पेजर बंद पडले, त्यामागेही हेच कथिलाचे तंतू असल्याचा निष्कर्ष निघाला होता. तिथे हे होतं तर आपल्या सेटचं काय घेऊन बसलात.

सेट पहिल्यांदा मुका झाला तेव्हा सगळे करतात तेच मीही केलं. शील्डचा चौथा पाय कापला. सेट चार महिने सुरेख वाजला. पण पाय कापला तरी डबी आत असतेच. एक तंतू कलेक्टरला आणि दुसरा बेसला टेकला की डबीच दोघांना जोडते. नेमकं तेच झालं.

मग पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून ‘जुना स्टॉक, एकदम कोरा माल’ म्हणून चार एएफ११७ आणले, दीडशे रुपयांना एक. घरी मीटर लावला तर दोन शॉर्ट. परत घेऊन गेलो. “काका, हा माल परत घेत नाही,” एवढंच उत्तर. सहाशे रुपयांतले तीनशे पाण्यात गेले याचा मला अजून राग आहे. तंतू वाढायला विजेची गरज लागत नाही, खोक्यात पडूनसुद्धा ते वाढतात. म्हणून कोरा एएफ११७ म्हणजे चांगला एएफ११७, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. निदान दुकानातच मीटर लावून बघा.

त्याऐवजी सिलिकॉनचा बीसी५५७ घेतला, दोन रुपयांना एक मिळाला. तोही एएफ११७ सारखाच पीएनपी जातीचा, त्यामुळे पॉझिटिव्ह अर्थचा (सेलचं पॉझिटिव्ह टोक अर्थला असलेला) सेट उलटापालटा करावा लागत नाही. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. (२एन३९०६ घेतलात तर क्रम उलटा: एमिटर, बेस, कलेक्टर.) शील्डचं भोक रिकामं सोडायचं.

फरक बायसचा, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू ठेवणाऱ्या बेसवरच्या व्होल्टेजचा आहे. जर्मेनियमला बेस-एमिटरमध्ये पाव व्होल्ट पुरतो, सिलिकॉनला साधारण ०.६५ लागतो. नुसता बदलून डाग दिलात तर सेट गप्पच राहतो. मी तिन्ही जागी (स्टेशन पकडणारा मिक्सर आणि त्याचा सिग्नल वाढवणारे दोन आयएफ टप्पे) निगेटिव्हकडून बेसला येणारा रेझिस्टर कमी केला. पहिल्या आयएफला ६८ के काढून ४७ के, बाकी दोघांना एमिटरवर आधीएवढाच व्होल्टेज येईपर्यंत. आवाज आला, सोबत दुसऱ्या आयएफमधून शिट्टीही आली. बीसी५५७ फार चपळ आहे आणि त्या जागचा न्यूट्रलायझेशनचा (शिट्टी रोखणारा) कपॅसिटर एएफ११७ च्या मापाचा. बेसला अगदी खेटून १०० ओहम मालिकेत घातला आणि शिट्टी गेली. आयएफच्या कॉइलमधले स्लग (जुळवणीचे स्क्रू) थोडे फिरवावे लागले.

ऑगस्टमध्येच लिहिलं असतं तर मी याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर स्वच्छ, मागची सततची फुसफुस गायब. पण दिवाळीच्या सुमारास एक गोष्ट लक्षात आली आणि तिने माझा सगळा आनंद नासवला: सेल लवकर फेकावे लागत होते. पूर्वी चार सेल मिळून ४ व्होल्टपर्यंत उतरले तरी सेट दबक्या आवाजात बातम्या सांगायचा. आता ४.६ ला मिक्सरमधला ऑसिलेटर थांबायचा आणि सेट एकदम गप्प. अर्धवट जीव असलेले सेल टाकून देणं मला जमत नाही. वडील असे सेल उन्हात ठेवून आणखी दोन दिवस काढायचे. दोन रुपयांचा ट्रान्झिस्टर घालून सेलचा खर्च वाढणार असेल, तर हा बदल मला नको होता. तेव्हा मी जुने एएफ११७ पुन्हा घालायच्या बेतात होतो.

कारण साधं होतं. सेल उतरले की डिव्हायडरवरचा (बेसच्या दोन रेझिस्टरच्या जोडीवरचा) व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरतो, पण ट्रान्झिस्टरचे ०.६५ काही कमी होत नाहीत. मोठा तुकडा तिथेच जातो, एमिटरला उरतं फार थोडं.

डिसेंबरात उपाय सापडला आणि तो एक रुपयाचा आहे. बेसपासून अर्थला जाणाऱ्या रेझिस्टरच्या मालिकेत १एन४१४८ डायोड घाला, कॅथोड बेसकडे, ॲनोड पॉझिटिव्ह अर्थकडे. डायोडवर पडणारे ०.६ ट्रान्झिस्टरचे ०.६५ जवळजवळ भरून काढतात. मिक्सर आणि दुसऱ्या आयएफमध्ये मी निगेटिव्हकडचे मूळ रेझिस्टर परत घातले आणि एमिटरचा व्होल्टेज मुळाच्या अगदी जवळ आला. ६ व्होल्टला १.०३, मूळ होता ०.९५. पहिल्या आयएफला तेवढा डायोड घालू नका. तिथली बेसकडून अर्थला जाणारी वाट डिटेक्टरकडून एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारा व्होल्टेज) घेऊन येते, ती बिघडेल. तिथे ४७ केच ठेवा.

आता सेट ३.७ व्होल्टपर्यंत चालतो, म्हणजे मूळ अवस्थेपेक्षाही खाली. डिसेंबरात घातलेले सेल एप्रिलअखेरपर्यंत पुरले, आई रोज सकाळी तासभर लावते तरी. आता मेमध्ये आणखी एक फायदा दिसतोय. जर्मेनियमची गळती दहाएक अंश तापमान वाढलं की दुप्पट होते, त्यामुळे दुपारी स्टेशन मंदावायचं. यंदा एकदाही नाही.

आउटपुटची एसी१२८ ची जोडी मी बदललेली नाही आणि इतक्यात बदलणारही नाही. त्यांना हा रोग नाही, बायसही त्यांच्या मापाचा आहे आणि आवाजाचा गोडवा त्यांच्याकडूनच येतो. दुकानातून आणलेले दोन चांगले एएफ११७ डबीत ठेवलेत. परवा मीटर लावला, त्यातला एक शॉर्ट झालाय.