फ्लूच्या लशीचं खोकं : नाव अचूक, छपाई बारीक

खोकं २०२५च्या दक्षिण गोलार्धाच्या लशीचं, आत ०.५ मिलीची एकच सिरिंज. बाहेरच्या मजकुरात पहिलं नाव : ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२ (एच१एन१)पीडीएम०९. हा विषाणूचा पूर्ण पत्ता आहे. ‘ए’ हा प्रकार, व्हिक्टोरिया हे नमुना मिळाल्याचं ठिकाण (ऑस्ट्रेलियातलं राज्य), ४८९७ हा नमुन्याचा क्रमांक, शेवटी साल. प्राण्याचं नाव नाही, म्हणजे नमुना माणसाचा. बदकाचा असता तर ‘ए’ला लागूनच ‘डक’ आलं असतं. पीडीएम०९ म्हणजे २००९च्या साथीचा वंशज. त्याच साथीत पुण्यातल्या शाळा आणि थिएटरं बंद झाली होती.

एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणारं प्रथिन. एन म्हणजे न्यूरामिनिडेज, तयार झालेले विषाणू पेशीपासून सोडवणारं. खोक्यावर ‘प्रत्येकी १५ मायक्रोग्रॅम’ दिसतं ते फक्त एचचं वजन, अख्ख्या विषाणूचं नव्हे. नावापुढच्या ‘लाइक’चा अर्थ एवढाच की लशीतला विषाणू नेमका तोच नसला, तरी प्रतिकारशक्तीला तसाच दिसतो.

गोंधळ होतो तो बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१ या ओळीत. एक तर हे ऑस्ट्रेलिया नव्हे, युरोपातलं ऑस्ट्रिया. त्यात पुढे कंसात ‘बी/व्हिक्टोरिया वंश’. वर व्हिक्टोरिया हे ठिकाण होतं, इथे ते विषाणूच्या घराण्याचं नाव आहे, १९८७च्या एका नमुन्यावरून पडलेलं. एकाच खोक्यावर दोन व्हिक्टोरिया, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल अवाक्षर नाही. चार विषाणूंच्या लशीत आणखी एक ओळ असते, यामागाता वंशाची. पण तो वंश मार्च २०२०नंतर खात्रीने सापडलेलाच नाही, आणि सप्टेंबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो वगळायला सांगितलं. तेव्हा तीन विषाणूंचं खोकं मिळालं तर दुकानदाराशी वाद घालू नका. ते कमअस्सल नाही.

मजकूर पाचपैकी चार, छपाई दोन. भिंग घेऊनच बसा.

उच्चाराचं काय? इन्फ्लुएन्झा. ‘फ्ल्यु’मधला य आपण घातलेला, इंग्रजीत सरळ ‘फ्लू’च आहे. जोर ‘एन’वर. झ ‘झरा’तला, ‘झेंडा’तला नव्हे. शब्द इटालियन, अर्थ ‘प्रभाव’ : साथी ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने येतात, या जुन्या समजुतीचा अवशेष. एच१एन१ टाइप करताना एकाच्या जागी इंग्रजी ‘आय’ पडला, तर ‘हिनी’ होतं आणि फाइलींत शोधून काही सापडत नाही. मराठीत ‘एच वन एन वन’ म्हणा, सगळ्यांना कळतं.

‘इन्फ्लुएन्झा’चं शेवटचं अक्षर मात्र जपा. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हा विषाणू नाही, जिवाणू आहे. १८९२मध्ये फायफर यांनी त्यालाच फ्लूचं कारण मानलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. याच्याच ‘बी’ प्रकाराला ‘हिब’ म्हणतात, आणि बाळाच्या पेंटाव्हॅलंट (एकात पाच) लशीत त्याच्याविरुद्धचा घटक असतो. लसीकरण कार्डावर हिबपुढे खूण असली, म्हणून फ्लूची लस झाली असं धरू नका. ती वेगळी घ्यावी लागते, आणि दर वर्षी.