फ्युरा-२ एएम: लिव्हर सेलमध्ये कॅल्शियम शिरताना बघायचंय त्यांच्यासाठी

फ्युरा-२ एएम हा सेलमध्ये शिरणारा चमकणारा डाय, कॅल्शियम चिकटलं की त्याची चमक बदलते. दीड वर्ष हा डाय वापरतेय, आता लिहायलाच हवं. रॅटच्या लिव्हरमधून कोलॅजिनेस या एन्झाइमने सुट्या केलेल्या सेल्सवर व्हॅसोप्रेसिन हे हॉर्मोन टाकलं की आत काय होतं ते मला बघायचं होतं. शांत सेलमध्ये मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर आणि बाहेर १ मिलिमोलरच्या वर, म्हणजे दहा हजार पट. व्हॅसोप्रेसिन रिसेप्टरला लागलं की आयपी३ हा निरोप्या रेणू तयार होतो, तो ईआरमधला (सेलच्या आतल्या कोठारातला) कॅल्शियमचा साठा सोडतो, साठा उतरला हे स्टिम१ नावाचं प्रोटीन ओळखतं आणि मेंब्रेनमधलं ओराय१ चॅनल उघडतं, मग बाहेरचं कॅल्शियम आत. पण आतून सुटलेलं किती आणि बाहेरून आलेलं किती हे ग्राफमध्ये एकमेकांत मिसळलेलं असतं, खरी अडचण तीच.

३४० आणि ३८० नॅनोमीटरला आलटूनपालटून उजेड टाकायचा, ५१० ला चमक वाचायची आणि दोन्ही रीडिंगचा रेशो काढायचा, तो कॅल्शियमप्रमाणे बदलतो, त्यामुळे एखाद्या सेलमध्ये डाय कमी गेला तरी फारसं बिघडत नाही. पण मला सगळ्यात आवडलं ते मँगनीजचं काम. ३६० च्या आसपास फ्युराला कॅल्शियम कमी-जास्त झाल्याचा फरकच पडत नाही, आणि बाहेर टाकलेलं मँगनीज कॅल्शियमच्याच दारातून आत येऊन डायचा उजेड विझवतं, म्हणजे रेघ जेवढ्या वेगाने उतरते तेवढं दार उघडं! पहिल्यांदा ती रेघ व्हॅसोप्रेसिननंतर झपकन खाली वळली तेव्हा मी जागची उठलेच नाही, डबा तसाच राहिला.

त्रासही आहे. लिव्हर सेल हा डाय धरून ठेवत नाहीत, नको ते पित्तात ढकलायचं हे त्यांचं कामच. ३७ डिग्रीला लोड केलं तर जास्तच गळतो, म्हणून मी रूम टेम्परेचरला २ मायक्रोमोलर, डाय विरघळायला मदत करणारं प्लुरॉनिक घालून अर्धा तास ठेवते. शिवाय ३४० ला सेलमधला एनएडीएच स्वतःच चमकतो, तेव्हा डाय न घातलेल्या सेलचं रीडिंग वजा केल्याशिवाय रेशोवर विश्वास ठेवू नका.

एकदा पार्सल आलं तेव्हा बर्फ संपलेला, व्हायल कोमट, त्या बॅचने सेल नीट लोडच झाले नाहीत, आठवडा वाया गेला आणि त्यासोबत प्राणीही, त्याचं जास्त वाईट वाटलं. आल्या आल्या उघडून बघाच.

नुसती ऑसिलेशन्स, म्हणजे कॅल्शियमचे चढउतार, बघायची असतील तर फ्लुओ-४ हा दुसरा कॅल्शियम डाय पुरे, ४८८ च्या लेझरवर चालतो. आत येणारं कॅल्शियम मोजायचं असेल तर मात्र हाच, मी पुढचा बॉक्स मागवलाय, ५० मायक्रोग्रॅमच्या छोट्या व्हायलवाला, म्हणजे उरलेला डाय पुन्हा फ्रीज करत बसायला नको.