मोडेमचं उत्तर कोडमध्ये कसं वाचायचं: स्लीप, ओळीने वाचन की वेगळा थ्रेड?

प्रोग्रॅममधून सिरीयल पोर्टवर मोडेमला एटी कमांड (एटीने सुरू होणाऱ्या मजकुरी आज्ञा) पाठवल्या की त्याचं उत्तर वाचावं लागतं. ते येतच नसेल तर आधी पुट्टीसारख्या टर्मिनलमध्ये तोच पोर्ट उघडून एटी टाइप करा आणि एंटर दाबा. तिथे ओके येतं पण प्रोग्रॅममध्ये येत नाही, तर बहुतेक वेळा कमांडचा शेवट चुकलेला असतो. मोडेमला कॅरेज रिटर्न (कोड १३) लागतो; डॉटनेटच्या सिरीयलपोर्टमधलं राइटलाइन मुळात फक्त लाइन फीड (१०) जोडतं. मग मोडेम कमांड पुरी होण्याची वाट बघतो आणि तुम्ही उत्तराची. डॉटनेटमध्ये डीटीआरही (संगणक तयार असल्याचं मोडेमला सांगणारा सिग्नल) मुळात बंद असतो; काही मोडेम त्याशिवाय दाद देत नाहीत. पायथनची पायसिरीयल लायब्ररी मात्र पोर्ट उघडतानाच डीटीआर चालू करते.

हे निस्तरलं की वाचण्याची पद्धत ठरवा.

स्लीप: कमांड पाठवा, अर्धा सेकंद थांबा, बफरमध्ये असेल ते उचला. चाचणीपुरतं ठीक आहे. पण ९६०० बॉडला (पोर्टचा वेग) सेकंदाला ९६० बाइट येतात, म्हणजे अर्ध्या सेकंदात फार तर ४८०. मेसेजची यादी त्याहून मोठी असली की उरलेला तुकडा पुढच्या कमांडच्या उत्तराला चिकटतो, आणि तिथून सगळा हिशेब एका घराने सरकतो. स्लीप वाढवून भागत नाही, कारण डायलिंगला कित्येक सेकंद लागतात आणि साध्या एटीला काही मिलिसेकंद.

अंतिम कोडपर्यंत ओळीने वाचणं: बहुतेक कामांना हेच घ्या. अंतिम कोड म्हणजे उत्तर संपल्याची खूण: ओके, एरर, +सीएमई एरर, +सीएमएस एरर, डायल करताना कनेक्ट, बिझी, नो कॅरियर. यातलं काही येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत वाचत राहायचं. मुदत कमांडप्रमाणे ठेवा: एटीला २ सेकंद, डायलला ६०. एको (पाठवलेली कमांड मोडेमने परत दाखवणं) एटीई० ने बंद करा, नाहीतर पहिली ओळ म्हणून तुमचीच कमांड परत येते. रिकाम्या ओळी सोडून द्या.

इथला खरा खड्डा एटी+सीएमजीएस, म्हणजे एसएमएस पाठवण्याची कमांड. मोडेम '>' आणि एक स्पेस पाठवून थांबतो, ओळ संपवतच नाही. रीडलाइन तिथे अडकतं. पायसिरीयलमध्ये टाइमआउट दिला नसेल तर कायमचं. तेवढ्यापुरतं बाइटने वाचा. शिवाय ओके शोधताना पूर्ण ओळ जुळवा. टेक्स्ट मोडमध्ये (मेसेज साध्या मजकुरात येतात) कुणी नुसतं 'ओके' असा मेसेज पाठवला असेल, तर तेही फसतं. पीडीयू या दुसऱ्या मोडमध्ये मजकूर हेक्समध्ये येतो, म्हणून तिथे हा घोळ नाही.

वेगळा थ्रेड: रिंग (कॉल येतोय) किंवा +सीएमटीआय (नवा मेसेज आला) या सूचना मोडेम न विचारता पाठवतो. ते हवं असेल तर एकाच थ्रेडने सतत वाचावं, ओळी जुळवाव्यात आणि उत्तरं व सूचना वेगळ्या रांगांत टाकाव्यात. डॉटनेटचा डेटारिसिव्ह्ड इव्हेंट एका ओळीला एकदाच येतो असं धरू नका. 'ओ' आधी आणि 'के' नंतर असंही होतं. नुसते मेसेज पाठवायचे असतील तर हा खटाटोप नको.

लिनक्सवर मोडेममॅनेजर (मोडेम सांभाळणारी सर्व्हिस) चालू असेल तर तो त्याच पोर्टवर स्वतःच्या एटी कमांड सोडतो आणि उत्तरंही अधूनमधून गिळतो. कोड बदलत बसण्याआधी ती सर्व्हिस बंद करून बघा.