गेमिंग माऊस: बरेच महिने रोज वापरल्यावर काय टिकलं, काय झिजलं

पहिल्या आठवड्यात लिहिलेले माऊसचे रिव्ह्यू मी वाचायचं सोडून दिलंय, कारण पहिल्या आठवड्यात सगळेच माऊस भारी असतात. क्लिक कडक, खालचे स्केट्स (ज्यांवर माऊस सरकतो त्या पट्ट्या) गुळगुळीत, बॅटरी नवीकोरी, आणि आपण पण खुश. खरा माऊस कळतो तो काही महिने रोज घासल्यावर, म्हणून एवढे दिवस थांबून आता लिहितोय, थोडं लांबेल.

माझ्याकडे आहे तो वायरलेस, उजव्या हाताचा, मधल्या साइजचा, वजन ६० ग्रॅमच्या आसपास, पिक्सआर्ट कंपनीचा ३३९५ सेन्सर (खालून हालचाल वाचतो तो भाग), क्लिकला ऑप्टिकल स्विच (ते काय, पुढे सांगतो), दिवे-बिवे काही नाहीत. रोज संध्याकाळी व्हॅलोरंट नाहीतर सीएस म्हणजे काउंटर-स्ट्राइक, दोन्ही शूटर गेम, आणि दिवसभर काम पण ह्याच्यावरच. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये, तुमचा हात माझ्या हाताएवढा नसेल किंवा तुम्ही माऊस वेगळा धरत असाल तर त्या नावाचा तुम्हाला शून्य उपयोग आहे.

आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून आधी आकाराचंच बोलतो. लोक सेन्सर बघतात, डीपीआय (माऊस एक इंच हलवला की कर्सर किती पिक्सेल सरकतो तो आकडा) बघतात, आणि जी गोष्ट तासन्‌तास हातात असणार आहे तिचा आकार फोटो बघून ठरवतात. धरायच्या मुख्य पद्धती तीन. पाम म्हणजे अख्खा तळवा माऊसवर टेकलेला, क्लॉ म्हणजे तळव्याचा मागचा भाग टेकलेला आणि बोटं वाकवून वर उचललेली, फिंगरटिप म्हणजे फक्त बोटांची टोकं, तळवा हवेत. पामवाल्यांना लांब आणि उंच पाठीचा माऊस लागतो, क्लॉवाल्यांना फुगवटा मागच्या बाजूला असलेला बरा पडतो, फिंगरटिपवाल्यांना छोटा आणि बुटका. तुम्ही कसं धरता हे आठवून सांगू नका, चालू गेममध्ये मधेच थांबून हाताकडे बघा. बरेच जण स्वतःला पामवाले समजतात आणि राउंड टाइट झाला की आपोआप क्लॉवर जातात, माझं पण तेच होतं.

माप घ्यायचं असेल तर मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंत मोजा. माऊसची लांबी त्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास हा एक ढोबळ हिशोब लोक लावतात, म्हणजे हात १९ सेंमी असेल तर माऊस साडेअकराच्या जवळपास. पामसाठी थोडा जास्त चालतो, फिंगरटिपसाठी कमी. पण लांबीपेक्षा मला रुंदी आणि पाठीची उंची जास्त नडते. आधीचा माऊस लांबीला अगदी बरोबर होता पण उजवी बाजू आत वळलेली, त्यामुळे करंगळीला जागाच नाही, ती पॅडवर घासत राहायची आणि अनामिका आखडून बसायची, दोन तास खेळलं की त्या बोटाच्या मुळाशी दुखायला लागायचं. ह्या माऊसला उजवीकडे बोटांसाठी उतार आहे, ते दुखणं पहिल्या काही आठवड्यांतच गेलं आणि परत आलं नाही. मला विचाराल तर अख्ख्या खरेदीचा पैसा इथेच वसूल झाला.

तसं बघितलं तर चांगले आकार फार जुने आहेत. मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर ३.० लोकांच्या हातात असा काही बसला की झोवी कंपनीची ईसी सिरीज त्याच वळणावर निघाली, आणि रेझरचा डेथअ‍ॅडर २००६ पासून आतलं सगळं बदलत बदलत साधारण त्याच घाटणीत येतोय. सेन्सर कितीतरी पिढ्या पुढे गेले, पाठीचा फुगवटा मात्र लोक सोडायला तयार नाहीत.

मनगटाचं वेगळं सांगतो, कारण सगळा दोष माऊसवर टाकायची पद्धत आहे. सेन्सिटिव्हिटी (माऊस थोडा हलवला की गेममध्ये किती वळतं ते) खूप जास्त असेल तर सगळं एम, म्हणजे नेम धरणं, मनगटातून होतं, टेबल उंच असेल तर मनगट वर मोडलेलं राहतं, मग माऊस कुठलाही आणा, दुखणारच. मी ८०० डीपीआय आणि व्हॅलोरंटमध्ये ०.४ सेन्सिटिव्हिटीवर खेळतो, म्हणजे पूर्ण ३६० अंश वळायला माऊस जवळजवळ ४१ सेंमी सरकवावा लागतो. एवढं अंतर मनगटातून निघतच नाही, हात कोपरापासून हलवावा लागतो, आणि त्यासाठी पॅड पण मोठंच पाहिजे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील किंवा रात्री बधिर होत असतील तर मात्र नवीन माऊस शोधत बसू नका, डॉक्टरला दाखवा, मनगटातली नस दबत असू शकते.

वजनाचा मुद्दा पण ह्या सेन्सिटिव्हिटीशीच जोडलेला आहे आणि हे रिव्ह्यूमध्ये कोणी नीट सांगत नाही. कमी सेन्सवर खेळणारा माणूस माऊस सारखा उचलून परत मधे आणतो, उचलायचा म्हणजे अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरायचा, तिथे १०० ग्रॅम आणि ६० ग्रॅम यातला फरक तासाभराने हाताला चांगलाच कळतो. जास्त सेन्सवर खेळणाऱ्याचा माऊस उचललाच जात नाही, त्याने हलक्या माऊसमागे धावायची काही गरज नाही, उलट काहींना जड माऊसच स्थिर वाटतो. स्ट्रॅटेजी किंवा आरपीजीवाल्यांना तर वजनाने काही फरक पडत नाही. उचलताना अजून एक बघा, सेन्सर किती उंचीपर्यंत वाचत राहतो. १ मिमीच्या आसपास असेल तर बरं, जास्त असेल तर उचलून ठेवताना क्रॉसहेअर (स्क्रीनवरची नेमाची खूण) हलतो. माझ्या माऊसमध्ये हे सेटिंग आहे, सगळ्यात कमीवर ठेवलंय.

सेन्सरबद्दल एकच परिच्छेद, त्यापेक्षा जास्त त्याची लायकी नाही. ३३९५ वर २६,००० डीपीआय लिहिलेलं असतं. १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर एवढा डीपीआय लावला तर माऊस २ मिमी पण हलवायच्या आत कर्सर ह्या टोकाचा त्या टोकाला जातो, मग तो आकडा कोणासाठी आहे देव जाणे. जुना ३३६० पण १२,००० पर्यंत जातो आणि तो सेन्सर आजही कोणालाच कमी पडणार नाही. आपण सगळे ८०० नाहीतर १६०० वरच खेळतो. विंडोजमधलं पॉइंटर प्रिसिजनवालं टिकमार्क तेवढं काढून टाका, ते चालू असलं की हाताच्या वेगाप्रमाणे कर्सर कमीजास्त पळतो. बरेच नवे शूटर गेम माऊसचा कच्चा डेटा थेट घेतात त्यामुळे गेममध्ये फरक पडत नाही, पण डेस्कटॉपवर पण हाताला तीच सवय राहिलेली बरी.

पोलिंग रेटचं, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा पीसीला माहिती पाठवतो त्याचं, पण तसंच. १२५ हर्ट्झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदाला माहिती जाते, १००० म्हणजे दर १ ला, हा फरक खरा आहे. १४४ हर्ट्झचा स्क्रीन स्वतःच ६.९ मिलिसेकंदांनी नवीन चित्र दाखवतो, त्यामुळे १००० च्या पुढे ४०००, ८००० ला गेल्यावर मला तरी काही जाणवलं नाही. प्रोसेसरवर लोड वाढतो आणि बॅटरी भराभर उतरते ते मात्र लगेच जाणवलं. परत १००० वर आणून ठेवला.

आता टिकण्याबद्दल, कारण माऊस बदलायची वेळ आणते ती बहुतेक वेळा क्लिक. एकदा दाबलं तर दोनदा लागतं, फाइल ओढायला गेलं तर मधेच सुटते, स्नायपरचा स्कोप उघडून लगेच बंद होतो. आधीच्या माऊसचं हेच झालं, दोन वर्षं पण झाली नव्हती, आणि बॉक्सवर २ कोटी क्लिकचं रेटिंग. रोज १०,००० क्लिक धरले तरी २ कोटीला साडेपाच वर्षं लागतात, मग मधेच कसं काय जातं? तो आकडा मुख्यतः यांत्रिक आयुष्याचा असतो. मेकॅनिकल स्विचमध्ये धातूची पातळ पट्टी खाली येऊन टेकते, टेकताना ती थरथरते, आणि माऊसच्या आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) काही मिलिसेकंद थांबून ती थरथर एकच क्लिक म्हणून मोजतं. वापराने पट्टी सैल पडते, टेकायच्या जागेवर ऑक्साइडचा थर आणि घाण बसते, थरथर लांबते आणि त्या ठरलेल्या वेळाच्या बाहेर जाते, झालं डबल क्लिक. स्प्रिंग तुटलेली नसते, काही नसतं, तरी माऊस गेला. सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स टाइम, म्हणजे ही थांबायची वेळ, वाढवायचं सेटिंग असेल तर वाढवून बघा, काही महिने अजून निघतात. सोल्डरिंग येत असेल तर स्विच बदलता येतो, काइल किंवा हुआनो कंपनीचे सुटे मिळतात.

ऑप्टिकल स्विचमध्ये सिग्नलसाठी धातूला धातू टेकवायची भानगडच नाही, इन्फ्रारेडचा किरण अडतो किंवा मोकळा होतो, त्यावर क्लिक ठरतं. त्यामुळे असं डबल क्लिक होत नाही. एवढ्या महिन्यांत माझं एकदाही झालेलं नाही, दोन्ही बटणं पहिल्या दिवसासारखी. तोटा सांगायचा तर आवाज जरा पोकळ आहे, मेकॅनिकलचा तो करकरीत टिक नाही, आणि बिघडलाच तर साधा तीन पायांचा स्विच त्या जागी बसत नाही. मला चालतं. ज्यांना क्लिकचा फील सगळ्यात महत्त्वाचा आहे त्यांनी आधी कोणाचा तरी हातात घेऊन बघावा.

चाकाकडे कोणी बघत नाही आणि माझ्या अनुभवात बिघडण्यात दुसरा नंबर त्याचाच लागतो. आतला मेकॅनिकल एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा भाग) धूळ आणि झिजेने चुकायला लागला की खाली फिरवलं तर पान मधेच वर उडी मारतं, चाकावर गन बदलत असाल किंवा सीएसमध्ये जंप चाकावर ठेवला असेल तर पार वाट लागते. ह्या माऊसचं चाक आता नव्यापेक्षा सैल वाटतंय, खाचा तेवढ्या ठळक राहिल्या नाहीत, पण उलटं अजून तरी फिरलेलं नाही. ह्या एका गोष्टीवर मी खुश नाही. मधलं बटण पण गरजेपेक्षा कडक आहे, पिंग करताना (टीमला जागा दाखवताना) चाक फिरून गन बदलते.

अंगठ्याची दोन बटणं बरोबर जागी आहेत, धरताना चुकून दाबली जात नाहीत.

वरचं कोटिंग बघून घ्या. तो मऊ रबरासारखा हात लावायला मस्त लागणारा थर असतो ना, तो घाम आणि दमटपणाने काही काळाने चिकट व्हायला लागतो, मग कितीही पुसा. माझा साधा मॅट प्लास्टिकचा आहे, अंगठा टेकतो तिथे चकाकी आलीय, बाकी काही नाही. हाताला घाम जास्त येत असेल तर बाजूला ग्रिप टेप लावा, फक्त माऊस थोडा रुंद होतो हे धरून चाला. खालचे स्केट्स टेफ्लॉनचे आहेत, कडा गोल झाल्यात, पुढच्या पट्टीच्या कडेला काळा मळ साठतो तो कापडाने पुसला की माऊस परत नीट सरकतो. बहुतेक माऊसचे स्क्रू ह्याच स्केट्सखाली लपलेले असतात, त्यामुळे माऊस उघडायचा असेल तर सुट्या स्केट्सचा सेट आधी आणून ठेवा, काढलेले परत नीट चिकटत नाहीत. मधे पॅड कोमट पाण्याने धुतलं तर वाटलं माऊसच नवीन आणलाय.

वायरलेसची भीती आता बाळगायची गरज नाही, फक्त डोंगल (पीसीला लावायचा छोटा रिसीव्हर) कुठे लावताय ते बघा. सुरुवातीला माझा कर्सर मधेच अडखळायचा, विशेषतः बाहेरच्या हार्ड डिस्कवर काही कॉपी होत असताना. युएसबी ३ चे पोर्ट आणि केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात आणि माऊसचा डोंगल नेमका तिथेच बोलतो. बॉक्समधल्या एक्स्टेंशन केबलने डोंगल पॅडच्या शेजारी आणला आणि अडखळणं बंद. ब्लूटूथवर गेम खेळू नका, ते ऑफिसच्या लॅपटॉपसाठी ठीक आहे.

सॉफ्टवेअर एकदाच टाकलं, डीपीआय, पोलिंग, लिफ्टचं अंतर ठरवून माऊसच्या मेमरीत सेव्ह केलं आणि सॉफ्टवेअर काढून टाकलं. ही मेमरी नसेल तर दुसऱ्या पीसीवर गेलात की परत पहिल्यापासून सुरू, शिवाय ते सॉफ्टवेअर कायम मागे चालू ठेवावं लागतं, घेताना नक्की विचारा.

बॅटरी आठवडाभराच्या वर जाते, अजून तरी नव्यासारखीच. चार्जिंग टाइप सी आहे, वायर लावून खेळता येतं, पण सोबत आलेली केबल इतकी ताठ आहे की माऊस एका बाजूला ढकलल्यासारखा वाटतो, मी मऊ पॅराकॉर्डची (विणलेल्या दोरीच्या आवरणाची) वेगळी घेतली. ती घेताना पुढच्या खाचेत पिनचा प्लास्टिकचा भाग बसतो का ते आधी बघा, काही माऊसची खाच अरुंद असते आणि जाड पिन आतपर्यंत जातच नाही.