एक सीझन माउसशिवाय: जीमेलचे कीबोर्ड शॉर्टकट

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी एकोणीस वर्षं ऑफिस सांभाळते. सौदे मालक बघतात. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचा हिशेब), बिलं, बँक आणि मेल माझ्याकडे. सीझनला मेलचा नुसता मारा असतो. ट्रान्सपोर्टची बिल्टी म्हणजे माल पाठवल्याची पावती, हळदीतल्या पिवळ्या घटकाचा, कुरकुमिनचा, लॅबचा रिपोर्ट, राजापुरी हळदीचा नमुना मागणारी परराज्यातली पार्टी. मेल वाचायचा, 'बघू नंतर' म्हणून तसाच ठेवायचा आणि संध्याकाळी तोच परत उघडायचा, ही माझी जुनी सवय.

दिवाळीत भाचा दुकानात आला होता. जरा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मावशी, आधी तो माउस सोड." माउस तसाही पिवळाधम्मक. नमुना हातात घेऊन बघायचा आणि त्याच हातानं माउस धरायचा, त्यामुळं चाकात हळदीची पूड जाऊन बसायची.

शॉर्टकट आधी चालू करावे लागतात, ते आपोआप मिळत नाहीत. वरच्या चाकाच्या चिन्हातून 'सी ऑल सेटिंग्ज'मध्ये जायचं, 'जनरल'मध्ये कीबोर्ड शॉर्टकट ऑन करायचे आणि अगदी तळाशी जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबायचं. हे शेवटचं राहिलं तर सगळं फुकट. पुढं काही अडलं तर शिफ्ट धरून प्रश्नचिन्ह दाबा, सगळी यादी समोर येते. ती पाठ करत बसू नका. मला रोज पाच-सहाच बटणं लागतात.

त्यात सगळ्यात मोलाचं बटण 'ई'. मेल आर्काइव्ह होतो, म्हणजे इनबॉक्समधून हलतो पण पुसला जात नाही. मला याची आधी भीती वाटायची. मग मनात सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आली, हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. पूर्वी हळद पेवात उतरवली म्हणजे ती टाकून दिली असं कुणी म्हणायचं नाही. भाव बघून वर काढायचे. तसंच हे. तिरकी रेघ दाबायची, पार्टीचं नाव टाकायचं, मागच्या वर्षीचा मेलसुद्धा वर येतो.

आता मेल उघडला की तिथंच ठरवते. उत्तर द्यायचं तर 'आर', लिहून झालं की कंट्रोल-एंटर. काम संपलं तर 'ई'. रिपोर्ट गुरुवारी येणार असेल तर 'बी' दाबून गुरुवार निवडायचा, तो मेल त्या दिवशी आपण होऊन समोर येतो. सेटिंग्जच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'ऑटो-ॲडव्हान्स' चालू केलं, त्यामुळं एक मेल हलवला की यादीत परत न जाता थेट पुढचा उघडतो. मेल न हलवता पुढचा बघायचा तर 'जे', मागं यायचं तर 'के'. वेळ किती वाचला हे मी मोजलेलं नाही. पण एकच मेल चार वेळा वाचणं बंद झालं, आणि मला तेच हवं होतं.

जपायला मात्र लागतं. 'आर' म्हणजे एकालाच उत्तर, 'ए' म्हणजे सगळ्यांना. मार्चमध्ये दलालाच्या मेलला दर लिहून पाठवला आणि लक्षात आलं, घाईत 'ए' दाबलं गेलं होतं, सीसीमध्ये दुसरी पार्टी होती. छातीत धस्स झालं. 'अनडू सेंड'ची मुदत मी ३० सेकंदांवर ठेवली होती म्हणून मेल परत ओढता आला. ही मुदत ५, १०, २० किंवा ३० सेकंद ठेवता येते. तुम्ही ३०च ठेवा, माझं ऐका.

दुसरं, हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर उघडं आहे समजून जीमेलवरच टाइप करायला लागलं की ती अक्षरं हुकूम होतात. मेल अचानक गायब झाला तर घाबरू नका, लगेच 'झेड' दाबा.

पैसे काही लागत नाहीत. पहिला आठवडा हात माउसकडं जात राहतो, मी माउस चक्क ड्रॉवरमध्ये टाकला होता. आता पिवळे डाग 'जे' आणि 'ई'वर पडलेत. सहाला शटर ओढायच्या आधी इनबॉक्समध्ये चार-पाच मेल उरलेले असतात, आणि ते कुणाचे आहेत हे मला न बघता सांगता येतं.